चॅनेलवाले सर

आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत एक लहानशी आतली खोली होती. तिच्या दाराशी चपला काढून आत जावं लागे, त्यामुळे नव्या माणसाला वाटे, आत देव असणार. बाहेरच्या मोठ्या खोलीत नियम नेमका उलटा. तिथे आम्ही रसायनं बनवायचो, म्हणून पायात बंद बूट हवेतच. कुणाची सँडल दिसली की सर त्याला दारातूनच परत पाठवत. बूट घाला, बूट काढा, यातच आमचा दिवसाचा व्यायाम होऊन जाई. एकदा दुसऱ्या विभागातले एक प्राध्यापक आत डोकावले आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. मग नीट पाहिलं तर हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबा, त्यांच्यावर कडप्प्याची जाड फरशी आणि फरशीवर जाळीचा एक पिंजरा.

“हे कोणतं दैवत?” त्यांनी विचारलं.

“कडक आहे,” सर म्हणाले. “पाऊल वाजलेलं चालत नाही.”

जळगावच्या विद्यापीठात मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी एक बारीक ब्रश अडकवलेला. मुलाखतीत त्यांनी मला रसायनशास्त्राचं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, “तू फसलीयेस कधी?”

मला वाटलं, चारित्र्याची चौकशी चालली आहे. मी घाबरून म्हणाले, “नाही सर.”

“इथे फसशील,” ते प्रसन्नपणे म्हणाले. “सोमवारपासून ये.”

आमचा विषय काय होता ते सांगते, म्हणजे त्या ब्रशाचा उलगडा होईल. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक स्निग्ध पडदा असतो. जाडी जेमतेम दोन रेणूंची. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे कण, म्हणजे आयन, या तेलकट पडद्यातून आपले आपण पलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी निसर्गानं पडद्यात प्रथिनांची दारं बसवली आहेत. ती उघडतात, मिटतात, एकाला सोडतात, दुसऱ्याला अडवतात. त्यांनाच चॅनेल म्हणतात. काही माणसं त्यातलं एखादं दार जन्मतःच बिघडलेलं घेऊन येतात आणि आयुष्यभर साध्या श्वासासाठी झगडतात. सरांचा ध्यास असा की निसर्गाच्या त्या अवाढव्य दाराऐवजी आपण एक साधा, छोटा रेणू बनवावा. त्यानं पडद्यात जाऊन उभं राहावं आणि आयनांना वाट द्यावी. औषध वगैरे फार लांबची गोष्ट, हे ते स्वतःच सांगत. आधी वाट तर होऊ दे.

पारोळ्याला आमच्या गल्लीत मात्र यातलं ‘चॅनेल’ एवढंच पोचलं होतं. मी कुठल्या तरी बातम्यांच्या चॅनेलला लागले आहे आणि अजून टीव्हीवर दिसत नाही म्हणजे कॅमेऱ्यामागचं काम असावं, असा लोकांचा समज होता. माझ्या मावशीनं तर नगरपालिकेच्या तुंबलेल्या गटारीची बातमी लावायला सांगितली होती.

तर ब्रश. टेफ्लॉनचा एक छोटा कप असतो, त्याच्या भिंतीला सुईनं टोचावं एवढं भोक. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी. त्या भोकावर लिपिडचं, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्याच स्निग्ध पदार्थाचं, द्रावण ब्रशानं सारवायचं. हात साधला तर ते पातळ होत होत पेशीच्या पडद्याइतकं होतं. मग दोन्हीकडच्या पाण्यात चांदीच्या तारा सोडून वीज मोजायची. पडदा अखंड असेल तर संगणकावरची रेघ सपाट. चॅनेल उघडलं तर रेघ एकदम वर उडी मारते, थोडी थांबते, पुन्हा खाली येते. पायऱ्यांसारखी. ही वीज इतकी सूक्ष्म की खोलीतला पंखा चालू असला तरी रेघ थरथर कापायची. म्हणून मोजणी चालू असताना पंखा बंद, कूलर बंद, मोबाईल बाहेर. आणि हे जळगाव. एप्रिल-मे महिन्यात जिथे कावळासुद्धा सावली सोडत नाही, तिथे आम्ही बंद खोलीत अनवाणी बसून घामाचे ओघळ पुसत सपाट रेघ बघायचो.

ट्यूबा आणि फरशी हादरे अडवण्यासाठी, जाळीचा पिंजरा बाहेरच्या विजेला अडवण्यासाठी. तो विकत घ्यायचा तर परदेशातून यायचा. सर उठले आणि नशिराबादला एका कूलर बनवणाऱ्याकडे गेले. मी आणि माझ्याबरोबर काम करणारा भूषण, आम्ही दोघं मागे.

“मला एक कूलर करून पाहिजे,” सर म्हणाले. “पण त्यात पंखा नको.”

“पंखा तुमचा लावता का?”

“नाही. पंखा नकोच. मोटर नको, गवत नको, पाण्याची टाकी नको. चारी बाजूंनी जाळी आणि एक दार.”

त्या माणसानं हातातला पाना खाली ठेवला. “मंग सर, त्याच्यात राह्यलं काय?”

“शांतता,” सर म्हणाले.

त्यानं पिंजरा सुरेख करून दिला. फक्त सवयीनं समोर आपल्या दुकानाचं नाव आणि ‘गारेगार’ असं लाल रंगात लिहून टाकलं. सरांनी ते कधी पुसू दिलं नाही.

एरवी सर शुद्ध, ऑफिसातलं मराठी बोलत. पण पडदा सारवायला बसले की त्यांच्या तोंडून त्यांच्या गावची, धुळ्याकडची अहिराणी सुरू होई. “फुटू नको व माय. बस आते. धीर धर.” पडदा फुटला की त्याला नव्हे, स्वतःला म्हणत, “बठ्ठं पानीमा गये,” म्हणजे सगळं पाण्यात गेलं. भूषण चोपड्याचा, त्याला यातलं सगळं समजे. त्याचा ठाम दावा होता की मराठीत बोललं तर पडदा लवकर फुटतो. आम्ही हा प्रयोग करूनही पाहिला. निष्कर्ष निघाला नाही.

स्वच्छतेचं वेड तर विचारू नका. विभागात भांडी धुवायला माणूस होता, पण सर त्याला कपांना हात लावू देत नसत. ते स्वतः बाह्या सरसावून बेसिनशी उभे राहत. चहाच्या टपरीवर गेले तरी ग्लास उजेडात धरून बघत, आणि मग टपरीवाल्याच्याच बादलीतल्या पाण्यानं तो पुन्हा विसळत. टपरीवाला आधी चिडायचा. पुढे पुढे सर दिसले की तो न धुतलेला ग्लासच काढून देई. म्हणे, “दोनदा कशाला धुवायचा?”

आणि त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी कितीही सुंदर निकाल घेऊन गेलं तरी ते आधी पाणी पीत, मग म्हणत, “छान. आता हे खोटं कसं पाडायचं?” सुरुवातीला मी रडवेली होत असे. भूषण म्हणायचा, “मनावर घेऊ नको. त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या वेळीही हेच विचारलं असेल.” पुढे काकूंशी, म्हणजे सरांच्या पत्नीशी ओळख झाल्यावर मी हे त्यांना सांगितलं. काकू म्हणाल्या, “विचारलं नाही. पण पत्रिका तीन ठिकाणी दाखवली.”

माझे वडील, नाना, पारोळ्यात बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. धुळ्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा इंजिनीअर, पाटबंधाऱ्याच्या कामांवर. मी त्याला दोनदा भेटले होते आणि मला तो आवडला होता. पण त्यांच्या घरी म्हणणं होतं, मुलीचं शिक्षण पुरं झालं की लगेच लग्न, आणि ते कधी पुरं होणार ते आधी सांगा. हेच विचारायला नाना एका दुपारी विद्यापीठात आले. सरांनी तारीख सांगायच्या ऐवजी त्यांच्या चपला काढायला लावून त्यांना आत नेलं.

“नाना, तुमची मुलगी काय करते ते बघा.” त्यांनी तारेचं एक कडं साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढलं. त्यात रंगीबेरंगी पापुद्रा धरला होता. “घाला बोट.”

नानांनी बोट घातलं. पापुद्रा फुटला.

“आता बोट ओलं करून घाला.”

नानांनी साबणाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि पुन्हा घातलं. बोट आरपार गेलं, पापुद्रा तसाच. नाना लहान मुलासारखे हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “म्हणजे सर, पोरगी भोकं पाडते म्हणा की.”

“बरोबर!” सरांना कोण आनंद झाला. “पण न फाडता. सगळी मेहनत त्या ‘न फाडता’ची आहे. फाडणारे रेणू ढिगानं मिळतात.”

नाना तारीख न घेताच परत गेले. घरी आईनं विचारलं तर म्हणाले, “काम नाजूक आहे, घाई करून चालणार नाही.”

मी बनवलेले रेणू एकामागून एक निकामी निघत होते. काही पडद्यात शिरतच नव्हते, काही शिरून पडदा फाडत होते. आणि मग एका उन्हाळ्यात रेघेनं उडी मारली. वर गेली, थांबली, खाली आली. पुन्हा वर. स्वच्छ, चौकोनी पायऱ्या. भूषण अनवाणी नाचला आणि त्या नाचानंच पडदा फुटला. दुसरा सारवला, पुन्हा पायऱ्या. सर पाणी प्यायले. “छान,” ते म्हणाले, “आता...”

“हे खोटं कसं पाडायचं,” आम्ही दोघं एका सुरात.

आम्ही खूप प्रयत्न केला. नुसत्या मिठाच्या पाण्यात, रेणू न टाकता मोजलं. रेघ सपाट. रेणू टाकून मोजलं. पायऱ्या. यासाठी दोन वेगळे कप होते. कोऱ्या मोजणीचा एक आणि रेणूचा दुसरा. रेणू कोऱ्या कपाला चुकूनही लागू नये म्हणून हा नियम सरांनीच घातला होता. दुसऱ्या एका चाचणीत, जिथे लिपिडच्या सूक्ष्म फुग्यांत चमकणारा रंग भरून पाहतात, तिथेही उत्तर होकारासारखंच आलं. सरांनी पुण्याला एका परिषदेत हे काम मांडलं. लोक भाषणानंतर त्यांच्याभोवती जमले. लेख एका चांगल्या नियतकालिकानं स्वीकारला. सरांची बढती बरीच वर्षं रखडलेली होती, तिची मुलाखतही त्याच सुमारास ठरली. नानांनी धुळ्याला कळवलं की आता प्रबंध लिहायचा तेवढा राहिलाय. माझ्या सासरच्यांनी, म्हणजे तेव्हा होऊ घातलेल्या सासरच्यांनी, मंगल कार्यालयांची चौकशी सुरू केली.

तेवढ्यात सरांच्या भाचीचं लग्न निघालं आणि ते आठवडाभर धुळ्याला गेले. मी म्हटलं, लेखासाठी एक जास्तीची मोजणी करून ठेवू. बसले तर रेघ सपाट. दुसरा पडदा, सपाट. रेणू नवा बनवला, तोही सपाट. सर परत आले, त्यांनी बाह्या सरसावल्या, दोन दिवसांत पायऱ्या पुन्हा सुरू.

भूषण जेवताना म्हणाला, “सर, तुमचा पायगुण! तुम्ही नव्हता तर एक पायरी आली नाही.”

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांच्या हातात कळण्याची भाकरी होती, ती तशीच डब्यात ठेवली.

“एकही नाही?”

“नाही सर,” मी म्हणाले. “माझाच हात बसत नसेल.”

“तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.” ते उठून येरझाऱ्या घालू लागले. “पायगुण म्हणजे काय? मी असताना असं काहीतरी होतं, जे मी नसताना होत नाही. मी इथे काय करतो?”

“अहिराणी बोलता,” भूषण म्हणाला.

“आणखी?”

सर बेसिनकडे बघत उभे राहिले. मलाही तेव्हाच कळलं.

रेणूचा कप ते स्वतः धूत होते. हा रेणू आधीच्यांपेक्षा टेफ्लॉनला जास्त चिकटून राहतो म्हणून भांडी घासायच्या पावडरीत भिजत घालून, चांगला घासून, वर कितीतरी पाण्यानं खळबळून. कोरा कप नुसता स्पिरिटनं पुसला जाई. सर नसताना मी दोन्ही कप स्पिरिटनंच पुसले होते.

त्याच दुपारी सरांनी कप नेहमीसारखा घासला, धुतला, पिंजऱ्यात ठेवला. रेणू टाकला नाही. फक्त पडदा सारवला. या वेळी ते अहिराणीतही काही बोलले नाहीत. आम्ही तिघं जाळीच्या बाहेर उकिडवे बसलो होतो. थोड्या वेळानं रेघेनं उडी मारली. वर गेली, थांबली, खाली आली. त्याच सुंदर, चौकोनी पायऱ्या.

साबणाचा अंश. कपाच्या बारीक चरांत राहिलेला. साबणसुद्धा पडद्यात कधी कधी अशी क्षणभराची भोकं पाडतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. मी, भूषण, सर, तिघांनीही.

मी रडले. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांसमोर प्रबंध नव्हता, मंगल कार्यालय होतं. सर माझ्याशेजारी फरशीवर बसले आणि फार हळू म्हणाले, “चूक मनी शे, पोरी.” मग नेहमीच्या मराठीत, “माझीच. ती दुसरी चाचणी आठवते? ती ‘हो’ म्हणाली नव्हती. ‘बहुतेक’ म्हणाली होती. मी त्याचा ‘हो’ ऐकला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण विभागाला बोलावलं आणि फळ्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. कप कुणी धुतला, कशानं धुतला, कसा धुतला. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. सर म्हणाले, “हसा. हसण्यासारखंच आहे.” लेख छापायच्या आत थांबवा, असं त्यांनी त्याच दिवशी नियतकालिकाला कळवलं. विभागप्रमुख हळूच म्हणाले होते, मुलाखत होईपर्यंत थांबा, नंतर कळवा, काय फरक पडतो? सर म्हणाले, “फरक हाच पडतो.” मुलाखतीतही त्यांनी पहिल्याच वाक्यात साबण सांगितला. बढती मिळाली नाही.

इथवर ठीक. एवढं सरळ वागणारी माणसं असतात. पण पुढे त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्या रविवारी ते एस.टी.नं पारोळ्याला आमच्या दुकानात हजर झाले. बियाण्यांच्या पिशव्यांमधल्या स्टुलावर बसून नानांना म्हणाले, “मुलीला उशीर होणार आहे. वर्ष, कदाचित जास्त. दोष तिचा नाही, माझा आहे. धुळ्याच्या मंडळींना हे तुम्ही सांगितलंत तर त्यांना वाटेल, बाप मुलीची बाजू घेतोय. मी सांगतो. चला.”

नाना म्हणाले, “आत्ता?”

“एस.टी. उभी आहे.”

मी घरीच होते. मला साडी बदलायचीही संधी दिली नाही. तिघं धुळ्याला त्यांच्या दारात उभे राहिलो तेव्हा घरात पापड वाळत घालणं चाललं होतं. मुलाची आजी, तिला सगळे अक्का म्हणत, पाटावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवून होती. मुलगा मला बघून गडबडला आणि आत जाऊन शर्ट बदलून आला.

सरांनी पाणी घेतलं, ग्लास सवयीनं उजेडात धरला, माझा जीव वर-खाली झाला, पण त्यांनी तो विसळला नाही. मग त्यांनी पडद्यापासून सुरुवात करून पायऱ्यांपर्यंत आणि पायऱ्यांपासून भांड्यांच्या पावडरीपर्यंत अख्खी हकिगत सांगितली. मुलाच्या वडिलांचा चेहरा हळूहळू आंबत गेला.

“म्हणजे सर, एवढी वर्षं मुलगी साबण मोजत होती?”

“फक्त शेवटचे काही महिने,” सर प्रामाणिकपणे म्हणाले.

मग मुलगा म्हणाला, “पण तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?”

“आज नाही. पुढे कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी आमचा रेणू बनवला असता. त्याच्याकडे पायऱ्या आल्या नसत्या. तो बिचारा स्वतःला दोष देत बसला असता.”

अक्का इतका वेळ पापडांवर नजर ठेवून होती. तिनं विचारलं, “सर, तुम्ही मास्तर राहीसन भांडा घासतस?”

“घासतो अक्का.”

“मंग नीट धुवाना ना.” ती आपल्या लेकाकडे, म्हणजे मुलाच्या वडिलांकडे वळली. “मास्तर सोतानी चूक सांगाले इतला दूर उना. त्यानी शिकाडेल पोर खोटी कशी राही? थांबा वरीसभर. कार्यालय कथं पळी जास का?”

विषय तिथेच संपला. आम्हाला तांदळाचे पापड भाजून मिळाले. निघताना मुलगा मला दारात हळूच म्हणाला, “तुझे सर भारी आहेत. पण लग्नात आहेराची भांडी त्यांना धुवायला देऊ नको.” त्या क्षणी माझं पक्कं झालं.

पुढचं वर्ष कामात गेलं. चुकीचा निकाल फेकून दिल्यावर डोकं मोकळं झालं होतं. मूळ रेणू पडद्याच्या मानानं आखूड होता. अर्ध्यातच अडकत असावा, असं भूषणला वाटलं. मी त्याची एक बाजू लांबवली. नवे कप आणले. धुण्याची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरे आणि कुणी, कशानं धुतलं ते मोजणाऱ्याला सांगायचं नाही, असा नवा नियम झाला. प्रत्येक कपात आधी कोरी मोजणी, मग रेणू. दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा नव्या रेणूनं पहिली उडी मारली. या वेळी कुणी नाचलं नाही. आम्ही तिघांनी मिळून त्याला खोटं पाडायचा जीव तोडून प्रयत्न केला. पाणी बदललं, मीठ बदललं, लिपिड बदललं, माणसं बदलली. सरांनी स्वतःला पुन्हा आठवडाभर धुळ्याला धाडून पाहिलं. या खेपेला लग्न नव्हतं, नुसते जाऊन बसले. तिथून रोज दुपारी फोन: “आल्या का?” “आल्या सर.” त्यावर पलीकडून एक समाधानाचा हुंकार येई. फुग्यांच्या चाचणीनं या वेळी खणखणीत ‘हो’ म्हटलं.

लेख छापून आला. माझा प्रबंध झाला, लग्न झालं. अक्कानं लग्नात सरांना पहिल्या पंगतीत स्वतःशेजारी बसवलं आणि आग्रह करकरून मांडे वाढले. सर काही वर्षांनी निवृत्त झाले, होते त्याच पदावर. निरोप समारंभात कुणीतरी बढतीचा विषय काढून हळहळलं. काकूच म्हणाल्या, “अहो, बढती मिळाली असती तर यांना भांडी कुणी घासू दिली असती का?”

आता ते धुळ्यात देवपूरला राहतात आणि मी धुळ्यातच एका महाविद्यालयात शिकवते. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी एक नवा लेख वाचत होते. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका गटानं, ज्यांना आम्ही कधी पाहिलंही नाही, आमचा रेणू लेखावरून जसाच्या तसा बनवला होता, आपल्या पद्धतीनं पडदा धरला होता आणि मोजला होता. तशाच पायऱ्या. आमच्यापेक्षाही स्वच्छ. आता ते त्याला पुढे नेत होते, त्या बिघडलेल्या दाराच्या दिशेनं.

फोन करवेना. मुलीला बरोबर घेतलं, रिक्षा केली आणि देवपूरला गेले. सर घरी नव्हते, कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीशी भरताची वांगी निवडत होते. एकेक वांगं उचलून, फिरवून, संशयानं पाहून बाजूला ठेवणं चाललं होतं. भाजीवाला कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

मी तिथेच उभं राहून सांगितलं. सरांनी मला मोबाईलवर तो परिच्छेद वाचायला लावला. मग पुन्हा एकदा, हळू. रस्त्यानं रिक्षा जात होत्या, माझी मुलगी गाडीवरचे मटार खात होती. मी वाट पाहत होते, आता विचारतील, हे खोटं कसं पाडायचं. त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

“आते ते आपलं नही राह्यनं,” ते म्हणाले. “बठ्ठासनं शे.” सगळ्यांचं झालं.

भाजीवाला वळला. “काय सर, चांगली बातमी दिसते?”

“हो रे,” सर म्हणाले. “पोर सासरी नीट नांदते आहे म्हणून कळलं.”

भाजीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मुलीकडे पाहिलं आणि भरल्या आवाजात म्हणाला, “अभिनंदन, ताई.”

मी सरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा चढवून पुन्हा वांग्यांत तोंड घातलं होतं आणि खांदे हसण्यानं हलत होते. मी म्हणाले, “थँक यू, दादा.” त्यानं माझ्या पिशवीत मूठभर कोथिंबीर टाकली.